संदर्भसूची करून घेण्याआधी: मदत कुणाकडे, कशाची आणि केव्हा मागावी

चर्चासत्राची मुदत उद्या संपणार असते आणि आज रात्री निरोप येतो: ‘सर, पेपर झालाय, तेवढे संदर्भ एपीएमध्ये करून द्या ना.’ (एपीए म्हणजे संदर्भ लिहिण्याची एक ठरलेली शैली.) सोबत एक पीडीएफ. शेवटच्या पानावर ‘जाधव, मराठवाड्यातील शेती, पुणे’ अशा ओळी. कोणते जाधव, कोणते साल, प्रकाशक कोण, उतारा कुठल्या पानावरचा, काही म्हणजे काही नाही. आता आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? मदत करणारा स्वल्पविराम हलवू शकतो, नावाचा क्रम बदलू शकतो, पण साल आणि पान क्रमांक तो मनाने लिहू शकत नाही. काही जण लिहून देतात, आणि तिथूनच खरी पंचाईत सुरू होते.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए., एम.कॉम.च्या विद्यार्थ्यांनाही संशोधन प्रकल्प आला. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त पीएच.डी.वाल्यांचा राहिलेला नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. चुका बहुतेक वेळा क्रम उलटा केल्यामुळेच होतात.

टप्पा १: शैली आणि तिची आवृत्ती लेखी मिळवा

‘एपीए’ एवढ्यावर काम सुरू करू नका. एपीएची सातवी आवृत्ती २०१९ साली आली, सहावी २००९ची होती. सहावीत पुस्तकाच्या नोंदीत प्रकाशनाचे गाव लिहीत, सातवीत ते काढून टाकले. सहावीत तीन ते पाच लेखक असतील तर पहिल्या उल्लेखात सगळ्यांची आडनावे येत. सातवीत तीन किंवा जास्त लेखक असले की पहिल्याच उल्लेखापासून एक आडनाव आणि ‘व इतर’. म्हणजे ज्येष्ठ विद्यार्थ्याच्या दहा वर्षांपूर्वीच्या प्रबंधावरून नक्कल केली, तर तुमची यादी जुन्या नियमाने बिनचूक आणि नव्या नियमाने चूक ठरते.

एमएलए या शैलीची नववी आवृत्ती २०२१ची. शिकागोची सतरावी २०१७ची आणि अठरावी २०२४ची. साधारणपणे शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, वाणिज्य यांत एपीए चालते, भाषा-साहित्यात एमएलए. इतिहासवाल्यांना तळटीपा लागतात, त्यामुळे तिथे शिकागो. वैद्यकीय लेखनात व्हँकूव्हर आणि अभियांत्रिकीत आयट्रिपलई, या दोन्हींत आडनावाऐवजी क्रमांक येतात. पण हे ‘साधारणपणे’ झाले. तुमच्या विभागाने, विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने काय सांगितले आहे तेच शेवटी चालते.

माहितीपत्रकात शैलीचा उल्लेखच नसेल, आणि बऱ्याचदा नसतो, तर संयोजकांना एकच वाक्य विचारा: ‘मागच्या अंकातला एखादा पेपर नमुना म्हणून पाठवता का?’ तो आला की त्याची संदर्भसूची हाच तुमचा नियम.

थांबा: शैलीचे नाव, आवृत्ती आणि नमुना या तीन गोष्टी हातात नसतील तर पुढे जाऊ नका. नंतर शैली बदलणे म्हणजे सगळे काम पुन्हा करणे.

टप्पा २: कच्ची माहिती पूर्ण करा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक स्रोतासाठी एक ओळ असलेला तक्ता करा, एक्सेलमध्ये किंवा सरळ वहीत. रकाने असे: लेखकाचे आडनाव, नाव, साल, शीर्षक, संपादक, प्रकाशक, आवृत्ती, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, पाने, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) किंवा दुवा. आणि शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: ‘हे मी स्वतः पाहिले का?’

पुस्तक हातात असतानाच मुखपृष्ठाच्या आतले पान आणि त्याच्या मागचे पान यांचे मोबाइलवर फोटो घ्या. साल, आवृत्ती आणि प्रकाशक तिथेच असतात. पुनर्मुद्रणाचे साल आणि आवृत्तीचे साल यांची गल्लत होऊ देऊ नका. ‘तिसरी आवृत्ती २००४, पुनर्मुद्रण २०११’ असे छापले असेल तर नोंद तिसऱ्या आवृत्तीची, साल २००४.

मराठवाड्यातल्या विषयांवर काम करताना काही नोंदी हमखास अडतात. त्या अशा:

नावे बदललेली गावे. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. २०१० साली छापलेल्या पुस्तकावर ‘औरंगाबाद’ असेल तर नोंदीत तेच राहील. तुमच्या लेखाच्या मजकुरात आजचे नाव वापरा, पण संदर्भात छापले आहे तेच. विद्यापीठाचेही तसेच. १९९४च्या नामविस्ताराआधी सादर झालेल्या प्रबंधावर ‘मराठवाडा विद्यापीठ’ असते. त्याला आजचे पूर्ण नाव लावले, की ग्रंथालयात तो शोधणारा गोंधळतो.

जुनी सालगणना. शके असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधली तारीख असेल तर ७९. हैदराबाद संस्थानच्या कागदांवर फसली साल असते. तिथले फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. मूळ साल पुसू नका. ते तसेच ठेवून इसवी सन चौकोनी कंसात द्या.

शासन निर्णय. लेखक म्हणून विभागाचे नाव येते, मंत्र्याचे किंवा सही करणाऱ्या उपसचिवाचे नाही. विषय, शासन निर्णय क्रमांक आणि तारीख घ्या. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावरच्या निर्णयांत शेवटी एक लांबलचक सांकेतांक असतो, तोही टिपून ठेवा. दुवा मेला तरी त्या आकड्यावरून निर्णय सापडतो.

वृत्तपत्रे. तारीख आणि पानाबरोबर आवृत्ती लिहा. लातूर आवृत्तीत पाचव्या पानावर आलेली बातमी संभाजीनगर आवृत्तीत असेलच असे नाही.

चर्चासत्रांचे विशेषांक. इथे नव्वद टक्के विद्यार्थी संपादकालाच लेखक करून टाकतात, निदान मला येणाऱ्या फाइलींवरून तरी तसेच वाटते. तुम्ही वाचला तो लेख ज्याने लिहिला तो लेखक. संपादकाचे नाव ‘संपा.’सह नंतर येते, मग लेखाची पाने.

संतसाहित्य. ज्ञानेश्वरीचा संदर्भ नुसत्या पान क्रमांकाने देऊ नका, कारण प्रत्येक प्रतीत पान वेगळे. अध्याय आणि ओवी द्या: ६.१४ असे. संदर्भसूचीत मात्र तुम्ही कोणती प्रत वापरली ती संपादक आणि प्रकाशकासह सांगा, कारण प्रतींत ओवीक्रमांकही कधीकधी एखाद-दुसऱ्याने सरकतात.

मुलाखती. बीडच्या ऊसतोड कामगारांवर प्रकल्प आहे आणि तुम्ही मुकादमांशी, कोयत्यावर जाणाऱ्या बायकांशी बोललात. एपीएनुसार संशोधनात सहभागी झालेल्यांची ही विधाने संदर्भसूचीत जात नाहीत. ती तुमची स्वतःची सामग्री आहे. कधी, कुठे, किती जणांशी बोललात हे संशोधनपद्धतीत सांगा आणि मजकुरात ‘सहभागी ७’ अशी खूण द्या. त्यांची नावे यादीत छापणे तर अजिबात नको.

तपासा: शेवटच्या रकान्यात ‘नाही’ असलेल्या ओळी मोजा. त्या स्रोतांतला उतारा तुम्ही दुसऱ्याच कुणाच्या पुस्तकातून घेतला आहे. मग सूचीत नोंद तुम्ही वाचलेल्या पुस्तकाची आणि मजकुरात ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असे. मूळ ग्रंथ पाहिल्याचा आव आणलात, तर मौखिकीत बहिस्थ परीक्षक नेमके तेच पुस्तक विचारतात.

टप्पा ३: फाँट आधी, संदर्भ नंतर

टायपिंग डीटीपीच्या दुकानातून केले असेल तर ते युनिकोडमध्ये आहे की जुन्या फाँटमध्ये, हे आताच विचारा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांतला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण संगणकासाठी ती वेगळीच अक्षरे असतात. त्याची अकारविल्हे लावली तर क्रम भलताच येतो, शोध घेतला तर काही सापडत नाही आणि संदर्भाच्या सॉफ्टवेअरमधून आलेली नोंद त्यात मिसळत नाही. मजकूर दुसऱ्या संगणकावर गेला की ‘संदर्भसूची’ हा शब्दसुद्धा ओळखू येत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. एक परिच्छेद कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठीच दिसले तर युनिकोड. इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसला तर आधी रूपांतर करून घ्या आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. र्‍हस्व-दीर्घ वेलांट्या, रफार, ‘श्र’ आणि ‘क्ष’ इथे हमखास मोडतात.

टप्पा ४: प्रत्येक प्रकारची एकच नोंद स्वतः करा

पन्नास नोंदी एकदम करायला बसू नका. तुमच्या यादीत किती प्रकारचे स्रोत आहेत ते पाहा: पुस्तक, संपादित ग्रंथातला लेख, नियतकालिकातला लेख, प्रबंध, शासन निर्णय, बातमी, संकेतस्थळ. प्रत्येक प्रकारची एक नोंद नमुन्याकडे बघत हाताने तयार करा. एपीएत पुस्तकाचा साचा असा:

आडनाव, नावाचे आद्याक्षर. (साल). *पुस्तकाचे शीर्षक* (आवृत्ती). प्रकाशक.

नियतकालिकातल्या लेखाचा असा:

आडनाव, नावाचे आद्याक्षर. (साल). लेखाचे शीर्षक. *नियतकालिकाचे नाव, खंड*(अंक), पाने. डीओआय.

इटॅलिक कुठे आहे ते नीट बघा. पुस्तकात शीर्षक तिरपे. लेखात मात्र लेखाचे शीर्षक सरळ आणि नियतकालिकाचे नाव व खंड तिरपा, अंक पुन्हा सरळ. मराठी छपाईत तिरपे अक्षर नीट दिसत नाही म्हणून काही संपादक ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हे वापरतात. तुमच्या नमुन्यात जे असेल ते घ्या, पण सगळीकडे एकच ठेवा.

नावापुढचे ‘डॉ.’, ‘प्रा.’, ‘श्री.’ काढा. आदर कमी होत नाही. एकाच लेखकाची एकाच सालातली दोन लेखने असतील तर २०१५अ, २०१५ब, आणि ही अक्षरे मजकुरातही आली पाहिजेत. मराठी आणि इंग्रजी संदर्भ मिसळले असतील तर दोन स्वतंत्र याद्या करायच्या की इंग्रजी नावे देवनागरीत लिहून एकच, हे मार्गदर्शकांना विचारून ठरवा. उलट पेपर इंग्रजीत असेल आणि एपीए लागत असेल, तर मराठी पुस्तकाचे शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यावा लागतो.

टप्पा ५: आता मदत मागा, आणि योग्य माणसाकडे

सगळे प्रश्न एकाच माणसाला विचारणे ही सर्रास होणारी चूक. मार्गदर्शकांना स्वल्पविराम विचारला जातो आणि डीटीपीवाल्याला शैली.

मार्गदर्शकांकडे निर्णय मागा: कोणती शैली, दोन याद्या की एक, हा स्रोत घ्यायचा की नाही. ग्रंथपालांकडे माहिती मागा. हा माणूस सगळ्यात कमी वापरला जातो, वास्तविक या कामाचे रीतसर शिक्षण त्यालाच असते. साल सापडत नाही, खंड कोणता ते कळत नाही, फाटक्या प्रतीचे पहिले पान गेले आहे, अशा अडचणी ग्रंथालयाच्या तालिकेतून सुटतात. प्रबंधांसाठी इन्फ्लिबनेटचे शोधगंगा कसे शोधायचे हेही तेच दाखवतील. नोंदीत लेखकाच्या जागी ‘शोधगंगा’ लिहू नका. ते प्रबंध ठेवण्याचे ठिकाण आहे. ‘गूगल’ हा तर स्रोतच नव्हे.

सॉफ्टवेअर चालवायला शिकायचे तर पीएच.डी. करणारे ताई-दादा बरे. डीटीपीवाल्याकडे फक्त मांडणी द्या: ओळींमधले अंतर, इटॅलिक, दुसऱ्या ओळीपासून आत सरकवणे. हे शेवटचे काम वर्डमध्ये कंट्रोल आणि टी दाबून तुम्हीही करू शकता. स्पेसबार दाबत दाबत ओळ आत ढकलू नका, एक शब्द बदलला की सगळे विस्कटते.

निरोप असा असावा:

‘मॅडम, नमस्कार. एम.ए. द्वितीय वर्ष, समाजशास्त्र. पेपर एपीए सातव्या आवृत्तीत आहे, विभागाचा नमुना सोबत जोडला आहे. वर्ड फाइलमध्ये सात प्रकारच्या सात नोंदी मी केल्या आहेत. दोन ठिकाणी अडलो: क्रमांक ४च्या अहवालावर साल नाही, आणि क्रमांक ६मध्ये लेखक व्यक्ती धरावी की संस्था, कळत नाही. दोन्हींच्या पहिल्या पानाचे फोटो पाठवतो. शुक्रवारपर्यंत पाहिलेत तर बरे होईल.’

असा निरोप आला की समोरचा माणूस दहा मिनिटांत उत्तर देतो. ‘संदर्भ चेक करा ना मॅडम, अर्जंट’ या निरोपाला काय उत्तर द्यायचे हे कुणालाच कळत नाही. आणि फाइल वर्डचीच पाठवा. पीडीएफमध्ये दुरुस्ती करून मागणे म्हणजे मॅडमना नव्याने टाइप करायला लावणे.

सावध: ‘संदर्भ कमी आहेत, वीस-पंचवीस टाकून देतो’ म्हणणारा मदतनीस भेटला तर फाइल परत घ्या. न वाचलेले ग्रंथ यादीत घालणे ही मदत नव्हे. पैसे घेऊन मांडणी करून देणे वेगळे आणि मजकूर-संदर्भ बनवून देणे वेगळे, ही रेघ तुम्हीच सांभाळायची.

टप्पा ६: सॉफ्टवेअर आणि एआय

सात नोंदी तपासून आल्या की मगच झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर उघडा. ते मोफत आहे आणि वर्डला जोडता येते. डीओआय टाकला की इंग्रजी लेखाची माहिती बहुधा आपोआप भरते. मराठी पुस्तकांची मात्र हातानेच भरावी लागते, तुमचा टप्पा दोनचा तक्ता इथे कामाला येतो.

इथली ठरलेली चूक: ‘महाराष्ट्र शासन’ हे नाव आडनाव आणि नाव अशा दोन चौकटींत भरले जाते आणि सूचीत ‘शासन, म.’ असे उमटते. नावाच्या चौकटीशेजारच्या छोट्या बटणाने एकच चौकट करा आणि संस्थेचे पूर्ण नाव त्यात लिहा. गूगल स्कॉलरच्या उद्धरण-बटणावरून घेतलेल्या नोंदीही तशाच चिकटवू नका. त्यांत डीओआय नसतो, कधी शीर्षक सगळे मोठ्या लिपीत असते. वर्डमधल्या संदर्भाच्या सोयीत अनेक संगणकांवर अजून एपीएची सहावी आवृत्तीच आहे, निवडताना वाचून घ्या.

एआयला ‘या विषयावर दहा संदर्भ दे’ असे कधीच सांगू नका. खऱ्या नियतकालिकाचे नाव, खरी वाटणारी आडनावे आणि अस्तित्वातच नसलेला लेख अशी नोंद ते सहज बनवते. तुमचीच माहिती देऊन फक्त मांडणी करून घेतली तर चालेल, विभागाची हरकत नसेल तर. पण नंतर प्रत्येक नोंद तक्त्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. ‘वाघमारे’चे ‘वाघमरे’ होणे, पाने बदलणे असे प्रकार होतात.

तपासा: प्रत्येक डीओआय ब्राउझरमध्ये उघडा. पान उघडले म्हणजे काम झाले असे नाही, उघडलेला लेख तोच आहे का ते पाहा.

टप्पा ७: दोन्ही बाजूंनी जुळवणी

छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या. हे काम पडद्यावर नीट होत नाही.

१. मजकुरातला प्रत्येक कंस वाचा आणि त्याची नोंद सूचीत शोधा. सापडली की दोन्हीकडे टिकमार्क. मजकुरात (जाधव, २०१५) आणि सूचीत जाधव २०१६ असेल तर पुस्तकाच्या आतल्या पानांच्या फोटोवरून ठरवा, अंदाजाने नाही.

२. मग उलट. सूचीत टिकमार्क नसलेली नोंद मजकुरात कुठेच नाही. एपीएत अशी नोंद काढून टाकावी लागते, कितीही मोठ्या लेखकाची असो.

३. अवतरणचिन्हांतल्या प्रत्येक उताऱ्याला पान क्रमांक आहे का ते पाहा. एमएलएमध्ये कंसात आडनाव आणि पान येते, साल नाही आणि स्वल्पविरामही नाही.

४. तळटीपा असतील तर ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतलाच ग्रंथ) शोधा. मध्ये नवी टीप घुसली की ‘तत्रैव’ दुसऱ्याच पुस्तकाकडे बोट दाखवते. शिकागोच्या सतराव्या आवृत्तीने त्याऐवजी आडनाव आणि छोटे शीर्षक वापरा असेच सुचवले आहे.

समानता-तपासणीच्या (लेखातला मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते पाहणाऱ्या तपासणीच्या) भीतीने संदर्भसूची छाटणारेही असतात. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत, आणि १० टक्क्यांपर्यंतची समानता किरकोळ मानली जाते. टक्का वाढतो तो श्रेय न देता उचललेल्या मजकुरामुळे. अहवाल जास्त आला तर आधी पाहा की तपासणी करताना सूची वगळायची खूण केली होती का.

टप्पा ८: सादर करण्याआधी

झोटेरो वापरले असेल तर फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि दुसऱ्या प्रतीत वर्डमधला दुवा तोडा, म्हणजे पुढे कुणी फाइल उघडल्यावर नोंदी आपोआप बदलणार नाहीत. ‘एट ॲल.’च्या जागी ‘व इतर’ करायचे असेल तर ते या दुसऱ्या प्रतीत, सगळ्यात शेवटी. आधी केले तर पुढच्या वेळी सॉफ्टवेअर ते पुसून टाकते.

मग पीडीएफ करा आणि ती स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून पाहा. जोडाक्षरे, इटॅलिक आणि आत सरकलेल्या ओळी तिथे जशाच्या तशा दिसल्या तर पाठवा. वर्डची फाइल आणि टप्पा दोनचा तक्ता मात्र जपून ठेवा. संपादक दुरुस्त्या मागतात तेव्हा त्यांना पीडीएफ चालत नाही, आणि मौखिकीच्या दिवशी ‘हे पुस्तक कुठे पाहिलंत?’ असे विचारले तर तोच तक्ता उघडायचा असतो.